वायसरचं चेकशीट

१२ जानेवारी, सोमवार

वायसरचा रिपोर्ट आला. दोन्ही किडन्या. डॉ. केतकींनी कागद माझ्याकडे वळवून ठेवला आणि आकड्यांवरून पेन फिरवलं. "काकू, वय तेरा. हे बरं होणारं नाही. पण दिवस चांगले जाऊ शकतात." किती, विचारलं. "आठवडे म्हणा. महिने निघाले तर कमावले."

घरी येऊन रिपोर्ट पुन्हा वाचला. शाळा सातवीला सुटली, पण इंग्रजी अक्षर लावता येतं. उरलेलं वाचनालयातल्या शब्दकोशात बघेन. मला नुसतं सांगितलेलं पुरत नाही.

तो खुर्चीखाली झोपलाय. गळ्याभोवतीची पांढरी रिंग पिवळट पडलीय. बोल्टखालच्या वायसरसारखी दिसते म्हणून त्या रिंगेवरूनच यांनी नाव ठेवलं. चाकणला यांच्या कंपनीच्या गेटवर खोक्यात सापडला होता, कुत्र्याचं एवढंसं पिल्लू. डब्याच्या पिशवीत घालून मोशीपर्यंत कंपनीच्या बसमधून आणला आणि माझ्या मांडीत ठेवला. "वायसर आणलाय. बोल्ट तेवढा तू शोध."

पिशवीत तो मी दिलेल्या डब्यावर मुतला होता. तो डबा अजून वापरते.


१३ जाने., मंगळवार

रावेतहून अर्चनाचा फोन. "आई, त्याला हाल सोसायला लावू नकोस. हल्ली डॉक्टर घरी येतात. एक इंजेक्शन, शांत झोपतात."

"कालच कळलंय गं मला."

"तू ओढत बसशील. मी ओळखते तुला."

ठेवला फोन. लेकीनं ओळखणं कधीकधी फार लागतं.

संध्याकाळी शेजारचे तात्या कंपाउंडवरून. मोशी गाव होतं तेव्हापासूनचे इथले, अजून एक म्हैस पाळून आहेत. "वैनी, सुई टोचून मारायचं? न्हाई न्हाई. पाप हाय त्ये. मुकं जनावर, त्येचं त्ये जाईल."

एक म्हणते आजच. एक म्हणतात कधीच नाही. माझं काय म्हणणं, हे दोघांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला तरी कुठे माहीत होतं.


१४ जाने., संक्रांत

डॉ. म्हणाल्या होत्या, चांगले दिवस किती, वाईट किती, मोजत चला. मोजायचं तर नीट मोजू.

यांचं कपाट उघडलं. एकोणतीस वर्षं क्वालिटीत होते, माल तपासायच्या खात्यात. तळाच्या खणात चेकशीटचा पॅड सापडला, निम्मा कोरा. मशीनच्या नावाच्या जागी लिहिलं, वायसर. रकाने पाडले: खाणं, पाणी, उठणं, शी-शू, दुखणं. हे पाच डॉक्टरांचे. सहावा माझा: कडी. सकाळी पावणेसातला दूध घ्यायला मी बाहेरच्या दाराची कडी काढते. हे फर्स्ट शिफ्टला निघायचे तीही हीच वेळ. कडी वाजली की वायसर असेल तिथून उठून दारात येतो. कुठे जायचं नसतं त्याला. फक्त येतो, बघतो, शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे.

बरोबर असेल तर टिक, नसेल तर फुली.

पॅडखाली लाल टॅगांचा गठ्ठा होता, दोरीसकट. माल खराब वाटला की हे टॅग बांधायचे, मग मॅनेजरसुद्धा तो हलवू शकत नसे. एकदा यांनी दिवाळीच्या तोंडावर अख्खी लाइन थांबवली. मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडला. हे घरी येऊन शांतपणे जेवले. म्हणाले, "एका रीडिंगवर घाबरायचं नाही. सलग तीन मर्यादेबाहेर गेली की थांबवायचं, आणि मग कुणाला विचारायचं नाही." दुसऱ्या दिवशी यांचंच खरं निघालं. मॅनेजरनं पेढे आणले होते, ते वायसरनं खाल्ले. खोक्यासकट.

एक लाल टॅग दाराजवळच्या खिळ्याला लावून ठेवला. नियम तोच. सलग तीन फुल्या, की थांबायचं.

तिळगूळ वायसरला दिला नाही. रागावून बसला.


१७ जाने., शनि

आजपासून सलाइन घरी. एक दिवसाआड, मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई आत. डॉ. नी दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा माझ्या हातात दिली. हात असा थरथरत होता की सुई माझ्याच अंगठ्यात गेली. वायसरनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. काय चाललंय बाई तुझं.

घरी दुसऱ्या प्रयत्नात गेली. सत्तावन्नाव्या वर्षी सुई मारायला शिकले. बाटली छताच्या हुकाला टांगली, यांनी पाळण्यासाठी ठोकलेल्या. अर्चनाचा पाळणा होता त्याला.

सगळं पाणी आत जाईपर्यंत त्याला पेपर वाचून दाखवला. अग्रलेखाला झोपला.


१९ जाने., सोम

भाकरी-दूध ठेवलं. वास घेतला, जीभ लावली, मान फिरवली. जीभ लावली म्हणजे खाल्लंच. टिक.


२१ जाने., बुध

सकाळी पिवळं ओकला, थोडं. अंगणातलं गवत खाल्लं असेल. कुत्री खातात.

उठताना मागचे पाय सरकले. पोटाखाली हात घालून उभा केला, मग चालला. उठणं: टिक. चालला ना.


२४ जाने., शनि

सोमवारपासून टिका वहीतच राहिल्या, शीट भरलंच नव्हतं. आज एकदम भरलं. काय, रोजचंच आहे. फोटो काढून डॉ. ना पाठवला. त्यांचा अंगठा आला आणि "मस्त, काकू! खातोय म्हणजे उत्तम."

अर्चनालाही तोच फोटो. बघ म्हणावं, ओढत नाहीये.

तो ओठ फार चाटतो हल्ली. तोंडाला पाणी सुटल्यासारखं. भूक लागत असेल.


२६ जाने., सोम

कंपनीला सुट्टी, म्हणून पवार भाऊजी आले. यांच्याबरोबर क्वालिटीत होते. पुढच्या वर्षी रिटायर. चहा घेताना फ्रिजवर लावलेलं शीट दिसलं त्यांना. उठून जवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला.

"वहिनी, पॅड आमचाच की!"

मी जरा फुशारकीनं सांगितलं. रकाने, नियम, सलग तीन. ते मान डोलवत ऐकत होते. मग शीटवर बोट ठेवलं आणि एकेका टिकेवरून फिरवत नेलं.

"काय झालं?"

"राग येणार नसेल तर सांगतो."

"बोला."

"हे बसून भरलंय."

मला कळेना. म्हणाले, "एकोणीस ते चोवीस. सगळ्या टिका एका पेनच्या, एका दाबाच्या, एका तिरक्या. जागेवर उभं राहून भरलेल्या शीटवर पेन बदलतं, चहाचा डाग पडतो, एखादी टिक चुकून बाहेर जाते. शिफ्ट संपताना टेबलावर बसून भरलेलं शीट असंच दिसतं. एकदम देखणं. साहेबांनी अशी किती फाडून टाकली माहितीय ना?"

साहेब म्हणजे आमचे हे.

मी म्हटलं, "जवळपास खरंच आहे ते."

"असेल. पण जवळपासचं रीडिंग नसतं ना वहिनी." मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "आणि यात क्रिटिकल कोणतं? सगळ्याच रकान्यांना सारखं धरलंत तर ऐनवेळी एकही कामाला येत नाही."

ते गेल्यावर भांडी घासली. स्वच्छ होती तीही.


२७ जाने., मंगळ

हे लिहायचंच आहे.

चार वर्षांपूर्वी हे अतिदक्षता विभागात होते पाच दिवस. मला ताप होता, म्हणून आत सोडलं नाही. घरी बस म्हणाले सगळे. अर्चना रोज फोन करायची, "आज बरे आहेत, आई." रोज तेच, त्याच आवाजात. मीही नातेवाइकांना तेच सांगायची. बरे आहेत. पाचव्या दिवशी सकाळी गेले.

निरोप घेतला नाही. घेऊ दिला नाही असं मी इतके दिवस म्हणत आले.

आणि शनिवारी मी फोटो काढून पाठवला. देखणा.

ते शीट फाडलं. पॅडवरचं नवं काढलं. १९ ते २६ आठवून आठवून खरं लिहिलं. खाणं: फुली, फुली, फुली, फुली. ओकारी: चार वेळा. उठणं: मी उचललं. जे आठवत नाही तिथे रकाना कोरा ठेवला. फक्त कडीच्या रकान्यात मी कधी लबाडी केली नव्हती. तिथे टिका होत्या त्या खऱ्याच होत्या. त्यावर तारा काढला. क्रिटिकल हेच, सलग तीन मोजायच्या त्या इथे.

मग डॉ. ना फोन.

"मॅडम, मी खोटं शीट पाठवलं होतं."

त्यांनी आधी तारखा विचारल्या. मग, "काकू, ओठ चाटतो का? जेवणाचा वास घेऊन तोंड फिरवतो?"

"हो."

"अहो, मळमळ आहे ती! त्याला भूक आहे, पण अन्न बघून उलटीसारखं होतं. तुम्ही खातोय म्हणालात म्हणून मी त्याचं औषध दिलंच नाही."

आठ दिवस. माझ्या टिकांमुळे आठ दिवस तो उपाशी होता.

उद्या नऊ वाजता दवाखाना.


२८ जाने., बुध

इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "फुल्या लिहिणारं माणूस मला फार कमी भेटतं. असंच ठेवा." दवाखान्याबाहेर येऊन रिक्षात रडले. रिक्षावाला आरशात बघत म्हणाला, "कुत्रं गेलं का काय मावशी?" म्हटलं, मांडीवर आहे की माझ्या. "मग?" मग काय सांगू.


२९ जाने., गुरु

खाल्लं.

भाकरी-दूध, अर्धी वाटी, स्वतःहून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, पेन हातात. खाऊन झाल्यावर वाटी ढकलत ढकलत मोरीपर्यंत नेली.

उभ्यानं टिक केली. रेघ रकान्याच्या बाहेर गेली. जाऊ दे.


१ फेब्रु., रवि

चार दिवसांत खाणं: टिक टिक टिक फुली. फुलीच्या दिवशी मी नवीन आणलेलं किडनीवालं खाद्य दिलं होतं. वास घेऊन त्यानं त्यावर पायानं माती टाकल्यासारखं केलं, फरशीवर. तात्या बघत होते. "वैनी, मटनाचा रस्सा द्या. किडनी-बिडनी समदं इसरल त्यो."

"तात्या, डॉक्टर मारतील मला."

"डॉक्टरला काय कळतंय, म्हशी कुणाच्या हातनं व्याल्या?"

संध्याकाळी मात्र बोलावल्याशिवाय आले आणि सलाइनची बाटली हातात धरून उभे राहिले. हूक उंच आहे, बाटली वर जाताना माझी कंबर धरते, हे त्यांनी कंपाउंडवरून बघितलं असणार. म्हणाले, "सुईचं पाप तुमाला. बाटली धराया माझं काय जातंय."


८ फेब्रु., रवि

अर्चना आली. एकटी, जावई कामात. तिला दोन्ही शीटं दाखवली. फाडलेलं चिकटवून ठेवलंय मी, तेही.

पहिल्यांदा हसली. "आई, तू? कॉपी?" मग हसायची थांबली. शीट हातात घेऊन एकेक रकाना वाचत गेली. वायसर तिच्या पायावर हनुवटी टेकून.

म्हणाली, "तिसऱ्या दिवशीच डॉक्टरांनी सांगितलं होतं मला. बाबांचं."

मी वायसरच्या पाठीवर हात ठेवला.

"तुला ताप होता. मला वाटलं तू उठून येशील आणि... मला दोघांना घालवायचं नव्हतं."

"मला कळत होतं," म्हटलं. "तुझ्या आवाजावरून. रोज एकाच आवाजात कुणी बरं असतं का? पण मी पुढचा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर तू सांगितलं असतंस."

"हो."

"मग बसून भरलं ते दोघींनी."

ती रडली. मी नाही. चार वर्षं माझा राग बाहेर उभा होता, आज आत आला आणि बसायला पाट मागितला, असं काहीसं. पिठलं-भात केला. तिनं तीनदा घेतला. जाताना चप्पल घालत म्हणाली, "मी आता आजच कर असं म्हणणार नाही. तू सांग तेव्हा येईन."

तिच्याशी हा वाद मी बोलून कुठे जिंकले असते? कुठेही नाही. शीटवर जिंकले.


१३ फेब्रु., शुक्र

सलाइन पहिल्या फटक्यात. आता हात थरथरत नाही. डॉ. म्हणाल्या दुसऱ्या एका बाईंना शिकवाल का, त्यांच्या मांजरीसाठी. मी! चिखलीहून त्या येणार आहेत.


१५ फेब्रु., रवि

मांजरवाल्या बाई आल्या. शिक्षिका आहेत, एम.ए. "मला जमणारच नाही हो." म्हटलं, मला जमलं, मी सातवी. उशीवर सराव करून घेतला. वायसरनं मांजर नाही हे बघून निराशेनं जांभई दिली. जाताना बाई पाया पडायला वाकल्या. मी मागे सरले, पण आवडलं. खोटं कशाला लिहू.


१९ फेब्रु., गुरु

चौकात गेलो!

दोन महिन्यांनी. सकाळी कडी काढली तर तो नुसता आला नाही, थेट दाराबाहेर निघाला. पट्टा लावला. थांबत थांबत, तीन ठिकाणी बसत, कंपनीच्या बसथांब्यापर्यंत. फर्स्ट शिफ्टची माणसं उभी होती, टपरीला वाफ. कुणीतरी ओरडलं, "अरे वायसर! कुठं होतास भावा? सिक लीव्ह संपली का?" आणि सगळा थांबा वळला. यांच्या वेळची चार-पाचच तोंडं असतील, बाकी पोरं नवीन, पण नाव सगळ्यांना ठाऊक. टपरीवाल्यानं विचारलं, "मावशी, क्रीमरोल चालतो का?" डॉ. ना तिथूनच फोन लावला. "अर्धा," म्हणाल्या. "आणि अर्धाच, काकू, मला शीटवर लिहून पाठवा."

अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा एका पोरानं बसच्या पायरीवर उभं राहून खाल्ला, वायसरच्या डोळ्यांदेखत. वायसर भुंकला. एकदाच, पण असा की बसचा ड्रायव्हर दचकला. जानेवारीपासून त्याचा आवाज ऐकला नव्हता मी.

येताना निम्म्या वाटेत बसला तो उठेना. उचलून आणला. तेरा वर्षांचं कुत्रं, वजन निम्मं झालेलं, तरी हात भरून आले. लोक बघत होते. बघू देत. वरात होती आमची.

शीट: खाणं टिक. उठणं: जाताना टिक, येताना फुली. दोन्ही लिहिलं, एकाच रकान्यात.


२५ फेब्रु., बुध

दोन दिवस फुल्या जास्त. आज पुन्हा बरा. यांनी बरोबर सांगितलं होतं, एका रीडिंगवर घाबरायचं नाही. पण लिहायचं मात्र एकही सोडून नाही.


होळी

पुरणपोळ्या केल्या. तात्या जेवायला. बाहेरच्या खोलीत पाटावर बसले, ताट समोर, तुपाची वाटी. मी आत पोळी उलथायला गेले, तेवढ्यात "आऽऽ वैनी!" बाहेर येऊन बघते तर वायसर, जो कालपासून भिंतीला धरून चालत होता, तो तात्यांच्या ताटातली अख्खी पोळी तोंडात धरून खुर्चीखाली. आणि तात्यांच्या हातात रिकामी वाटी.

"मरायला टेकलंय म्हनं!" तात्या ओरडले. "वैनी, ह्ये कुत्रं तुमाला आन मला पोचवून मग जानार!"

हसून हसून माझ्या पोटात कळ आली. यांच्यानंतर या घरात असं हसले नव्हते. दुसरी पोळी वाढली. तात्या ती उंच धरून जेवले, खुर्चीकडे एक डोळा ठेवून.

मग बडीशेप खाताना हळूच म्हणाले, "वैनी, आमच्या बांधावर जांभळीखाली जागा हाय. मऊ माती. कवा ते तुमी सांगा. म्या न्हाई सांगनार."

"पाप म्हणत होतात."

"व्हय, म्हनत हुतो. पर मला वाटायचं तुमी कंटाळून सुई द्याल. तुमी कंटाळलेल्या न्हाई. मंग तुमाला कळंल."

डॉ. ना लिहिलं: पुरणपोळी एक, चोरून. त्यांचं उत्तर, "हे टिक आहे की फुली, मलाच कळत नाहीये."


७ मार्च, शनि

पाणी जास्त पितो, खाणं पाव वाटी. दुखणं: पहिल्यांदा फुली. पाठीवर हात ठेवला की कण्हतो. डॉ. येऊन गेल्या. वेदनेची गोळी वाढवली. "आता आपण शेवटच्या भागात आहोत, काकू. तुम्हाला माहीतच आहे."

माहीत आहे. पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीचा शेवटचा भाग मला वेळेवर सांगितला गेलाय, आणि मी तो वाचू शकतेय. त्याचं दुःख आहेच. पण ताठ बसून वाचते आहे.


१० मार्च, मंगळ

कडी: टिक. हळू आला, दोनदा थांबून. पण आला.


१२ मार्च, गुरु

त्याच्याशी बोलून घेतलं. दुपारी, ऊन अंगणात आलं तेव्हा चादरीवर बाहेर नेला. सगळं सांगितलं. पेढ्यांचं, डब्याचं, त्या वर्षीच्या तापाचं, मी आत खाटेवर आणि तो दारात बसून होता पाच दिवस, त्याचं. यांना जे सांगायचं राहिलं तेही थोडं सांगितलं. तो कान हलवत होता, माशीमुळे असेल. असू दे. मी बोलले ते खरं.

निरोप घेऊन झाला. म्हणजे आता जे दिवस मिळतील ते वरचे.


१४ मार्च, शनि

कडी: फुली.

उठला नाही. डोकं उचललं, डोळ्यांनी दारापर्यंत आला. मी पाच मिनिटं थांबले. पेन हातात होतं. उचलून आणायचा मोह झाला. आणला नाही.

अर्चनाला फोन केला, म्हटलं पहिली. "निघते," म्हणाली. बाकी काही विचारलं नाही.


१५ मार्च, रवि

कडी: फुली.

ही अर्चनानं लिहिली. मीच म्हटलं, तू बघ आज, माझे डोळे लबाडी करतील. ती दाराआड उभी राहिली, मी कडी काढली. थोड्या वेळानं तिचा आवाज, "नाही आला, आई." चार वर्षांपूर्वीच्या फोनमधल्या आवाजासारखा नाही. खरं बोलणाऱ्या माणसाचा.

दुपारी मात्र चमच्यानं दिलेलं दूध प्यायला आणि तात्या आले तेव्हा शेपटी हलवली, एकदा इकडे, एकदा तिकडे. तेही लिहिलं.

डॉ. ना सांगितलं. "सोमवारी अकरापर्यंत मी मोकळी आहे. तुमचा फोन आला तर निघते. नाही आला तर मी कारण विचारणार नाही."

पवार भाऊजींचाही फोन. शीटचा फोटो अर्चनानं पाठवला होता त्यांना. म्हणाले, "वहिनी, साहेबांनी हे शीट सही करून फाइलला लावलं असतं." एवढंच. यांच्या तोंडून कौतुक ऐकायला मला एकोणतीस वर्षं लागायची, आज मधल्या माणसाकडून का होईना, आलं.

संध्याकाळी अर्चनानं विचारलं, "आई, तुझ्या मनात काय आहे?" म्हटलं, मनातलं सगळं गुरुवारीच बोलून झालं. आता रीडिंग तेवढं राहिलंय. ते उद्या.


१६ मार्च, सोम

साडेसहा. चहा झाला. अर्चना आंघोळीला गेलीय. तात्यांच्या म्हशीची घंटा वाजतेय. रस्त्यावरून चाकणकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग सुरू झाली.

वायसर बाहेरच्या खोलीत, त्याच्या चादरीवर. मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय, इथून तो दिसत नाही. मुद्दाम बसलेय अशी. मध्ये एकदा फरशीवर नखं वाजल्यासारखी वाटली. वाटलं म्हणून लिहायचं नाही.

लाल टॅग खिळ्यावरून काढून पदराला बांधलाय. फोन ब्लाउजमध्ये. टिक आली तर टॅग परत खिळ्यावर आणि आम्ही तिघं अंगणात उन्हाला बसू. फुली आली तर मी डॉक्टरांना फोन करेन, आणि कुणाला विचारणार नाही, आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर असेल. या दोन्हीतलं काहीही झालं तरी या घरातून या वेळी कुणी निरोपाशिवाय जाणार नाही. ते मी करून ठेवलंय.

पावणेसातला दोन मिनिटं कमी. हात बघितले. स्थिर आहेत.

आजचा रकाना कोरा आहे. पेन सोबत घेतलंय. आधी बघेन, मग लिहीन.

कडी काढायला उठते.